कोणत्या दहाचा टोल?

सरकी काढायच्या जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. दिवसभर कितीही जपून वागा, घरी येऊन सदरा झटकला की ओट्यावर मूठभर कापूस पडतोच. तो कधी चिकटला ते कळत नाही. किस्सेही तसेच. मी काही गोळा करायला गेलो नव्हतो. जळगावात वेळेचे टोल देत उभा राहिलो, तेवढ्या वर्षांत अंगाला चिकटले ते हे.

माझी शाळा दोन इयत्तांची. अक्षर अजून वाकडं येतं. घड्याळ वाचायला मात्र मी लवकर शिकलो आणि त्यानंच पंचाईत केली. कारण आमच्याकडे तेव्हा एक घड्याळ वाचून भागत नसे!

स्टेशनचं घड्याळ रेल्वेचं, म्हणजे सरकारचं. मुंबईचं टाइम त्याच्या एकोणचाळीस मिनिटं मागं. मुंबईनं सरकारी टाइम मानलंच नव्हतं, आणि ज्यांचा मुंबईवर जीव ते मुंबईचं पाळत. खेड्यातला माणूस सूर्याकडे बघे. पुढं दुसऱ्या लढाईत सरकारनं आपली घड्याळं आणखी एक तास पुढं ढकलली. त्यामुळं 'दहाला या' म्हणून चार जणांना सांगितलं की चौघं चार वेळेला येत. आणि चौघंही वेळेवर!

* * *

माझी पहिली नोकरी एका शेठच्या जिनिंगमध्ये. शेठकडे घड्याळं दोन. फाटकावर रेल्वेच्या टाइमाचं, ऑफिसात मुंबईच्या टाइमाचं. सकाळी सातला कामाला लावायचं ते फाटकावरच्या घड्याळानं. संध्याकाळी सहाला सोडायचं ते ऑफिसातल्या घड्याळानं!

टोल द्यायला मी. मला वाटलं, शेठच्या लक्षात आलं नसेल. म्हणून एकदा हळूच सांगितलं.

शेठ म्हणाले, "तुला टोल द्यायला ठेवलंय. हिशोब करायला नाही."

कापसातला कचरा वेचायला बाया असत. तान्ही पोरं बरोबर आणत आणि शेडच्या वाशाला झोळ्या बांधत. टोल म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर हातोडी पडली की सगळी पोरं एकदम दचकून उठत. म्हणून मी एक युक्ती काढली होती. डाव्या हाताचा तळवा रुळाला लावून धरायचा आणि मग मारायचं. हात लावलेला रूळ वाजत नाही, नुसता 'थप' करतो. बायांना कळायचं, पोरांना नाही.

या बायांची पुढारीण येसूबाई. एका दुपारी तिनं विचारलं, "सुका, दोन घड्याळांत फरक किती रे?"

"एकोणचाळीस मिनिटं."

"ते आकड्यात नको सांगू. म्हंजे किती?"

मी विचार केला. मला बोलायला जरा वेळच लागतो. म्हटलं, "पोराला पाजून, झोळीत निजवून, वर भाकरी खाऊन होईल एवढं."

येसूबाई पुन्हा कचरा वेचायला बसली. पण दुसऱ्या दिवशी बाराला सगळ्या बाया जेवायला गेल्या त्या फाटकावरचं घड्याळ बघून, आणि एकला परत आल्या त्या ऑफिसातलं बघून!

शेठ ओरडत बाहेर आले. "सुट्टी एक तासाची आहे!"

"एकच तास घेतला, शेठ," येसूबाई म्हणाली. "बाराला गेलो, एकला आलो. जाताना हे पाहिलं, येताना ते पाहिलं. तुमचंच बघून शिकलो!"

दुसऱ्या दिवशी शेठनं एक घड्याळ कमी केलं. आणि एक टोलवाला!

* * *

त्यानंतर मी शेतकऱ्यांच्या मंडळाच्या जिनिंगमध्ये लागलो. शेठ लोकांच्या दारात गाड्या उभ्या करून करून कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी ही स्वतःची जिनिंग उभी केली होती. विटा त्यांनीच वाहिल्या, चर त्यांनीच खणले. दाराशी कडुनिंब. त्याला मी रूळ टांगला.

मंडळाचा एक नियम मला फार आवडे. अध्यक्षांनी मान हलवायची, मग मी टोल द्यायचा, आणि टोल पडला की सभा सुरू. त्याआधी कोणी काही बोललं तर त्या गप्पा!

अध्यक्ष होते नाना, चाळीसगावचे. घर रुळाला लागून. त्यांचं घड्याळ रेल्वेचं. गाडी गेली की खिशातून काढून जुळवून घेत. वकीलसाहेब धुळ्याचे. मंडळाचे सगळे नियम त्यांनीच लिहिलेले, मेंबर मात्र ते नंतर झाले. ते शिकायला मुंबईत होते, तेव्हापासून त्यांचं घड्याळ मुंबईचं. अक्का रावेरकडच्या. नवरा गेल्यावर केळी आणि कपाशी त्यांनी एकटीनं सांभाळली. त्यांचं टाइम म्हशीचं. म्हशी पिळून झाल्या की त्यांचा दिवस सुरू.

आणि आबा. तापीपलीकडचे. ज्यांनी मंडळ काढलं त्या पहिल्या मेंबरांपैकी हयात राहिलेले एकटेच. बैलगाडीनं येत. उतरले की काठी जमिनीत रोवून सावली बघत आणि म्हणत, "दहा."

एकदा मी विचारलं, "आबा, एखादं घड्याळ का नाही घेत?"

त्यांनी काठीनं आभाळाकडे दाखवलं. "मनं घड्याय वर शे. बठ्ठासले, आख्खा गावले दिखस. आनि त्याले चावी देनी पडत नही!"

* * *

वकीलसाहेबांची धुळ्याची गाडी दर खेपेला चुकायची. चुकणारच! गाडी रेल्वेच्या टाइमानं सुटायची आणि वकीलसाहेब मुंबईच्या टाइमानं घरून निघायचे.

नानांनी समजावलं, "अहो, एकोणचाळीस मिनिटं आधी निघत चला."

"मी का आधी निघू? मुंबईनं मान तुकवली नाही, मी का तुकवू?"

गाडी चुकली की ते फलाटावरच बसून रेल्वेला पत्र लिहीत. 'आपली गाडी आजही ठरल्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं आधी सुटली. असा हलगर्जीपणा पुन्हा होऊ नये.' दर चुकलेल्या गाडीमागं एक पत्र!

रेल्वेकडून कधी उत्तर आलं नाही. पण एकदा स्वतः स्टेशनमास्तर त्यांच्यापाशी आले, हात जोडले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, आज गाडी पाऊण तास लेट आहे. तुमच्या टाइमाप्रमाणं बरोबर. बसा."

वकीलसाहेबांनी घड्याळ काढून बघितलं. "सहा मिनिटं उशीर आहे," म्हणाले, आणि डब्यात चढले!

* * *

या सगळ्याला कंटाळून नानांनी एक तोड काढली. सभेच्या नोटिशीवर सगळी टाइमं लिहायची. कारकुनानं लिहिलं, 'रेल्वे दहा, मुंबई नऊ एकवीस, सूर्य साडेनऊ, म्हशी पिळून झाल्यावर जी गाडी मिळेल ती.'

त्या दिवशी सगळे मेंबर खरोखर एका वेळेला आले! मंडळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. मी आनंदानं टोल दिला.

वकीलसाहेब उभे राहिले. "अध्यक्षमहाराज, हरकत आहे. नोटिशीत रेल्वे पहिली का?"

अक्का म्हणाल्या, "आनि म्हशी शेवटी कावून? दूध तं तुमी सकाळी पहिले पेता!"

आबा म्हणाले, "सूर्य आधी उगना, का तुम्हनी गाडी?"

सूर्यास्तापर्यंत सभा चालली. ठराव एकच झाला. यापुढं नोटिशीत नुसता आकडा लिहावा, कोणतंही टाइम लिहू नये!

* * *

मग लढाई आली. सरकारनं हुकूम काढला की घड्याळं एक तास पुढं करा. त्या वर्षी सरकारचं काहीच ऐकायचं नाही असं घरोघर ठरलेलं. त्यात हे!

हुकूम समजावून सांगायला एक साहेब आमच्या जिनिंगवर आले. नोटीस चारची. साहेब नव्या टाइमानं चारला हजर झाले, तेव्हा समोर मी आणि आबांचे दोन बैल. आबा कापूस घेऊन आदल्या दिवशीच आले होते, ते गाडीखाली झोपलेले. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग भाषण सुरू केलं. मी एकटाच टाळ्या वाजवू का नको, या विचारात. बैलांनी शांतपणे ऐकलं.

भाषण संपता संपता बाकीचे आले, नानांचीही गाडी लेट झालेली. साहेबांनी बिचाऱ्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. तास पुढं केल्यानं उजेड वाचतो, दिवे कमी लागतात, लढाईला मदत होते. मग विचारलं, "कोणाला काही शंका?"

अक्कांनी पदर सावरला. "साहेब, मानसाचं ठीक हाये. मानूस भेतो. पन म्हशीले कोन सांगीन?"

"काय?"

"आता गाडी तासभर आधी सुटते. म्हैस तासभर आधी पान्हावत नाही. मी रोज सांगते तिले, सरकारचा हुकूम हाये. ती रवंथ करते. तुमी एक नोटीस तिच्या नावानं काढा. मी गोठ्यात लावते!"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. नोटीस काही आली नाही. म्हैस शेवटपर्यंत जुन्याच टाइमावर राहिली.

* * *

त्याच सुमाराला मंडळाला नवे चिटणीस आले. मनगटी घड्याळ, पांढरा स्वच्छ कोट. माणूस वाईट नव्हता, पण घड्याळाचा होता. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आता एकच टाइम. सरकारी. मला हा गोंधळ चालणार नाही."

त्याच वेळी मुंबईच्या एका कंपनीला आमची जिनिंग हवी होती. चिटणिसांचं मत, देऊन टाकावी. शेतकऱ्यांना यंत्रं चालवणं झेपत नाही. काही मेंबर त्यांच्या बाजूला गेले. पण नियमांत एक ओळ होती. पहिल्या मेंबरांपैकी हयात असलेल्यांची संमती नसेल तर जिनिंग विकता येणार नाही. म्हणजे आबा!

आबांना विचारलं. आबा म्हणाले, "मी हाई भिंत बांधेल शे. मी जित्ता शे तवलोंग ती इकाव नही."

तवलोंग म्हणजे तोपर्यंत. आबा जिवंत असेपर्यंत भिंत विकली जाणार नव्हती. चिटणिसांनी पुन्हा विचारलं नाही. ते नियमांचं पुस्तक घेऊन बसले, आणि त्यांना दुसरी ओळ सापडली. जो मेंबर लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहील, त्याचं नाव मेंबरांतून कमी होईल.

वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला. "ही ओळ मीच लिहिली. तेव्हा तरुण होतो!"

पुढच्या सभेची नोटीस निघाली. नुसतं दहा; चिटणिसांच्या मनात सरकारी. आबा आपल्या दहाला आले. काठी रोवली, सावली बघितली. सभा उरकून लोक बाहेर पडत होते.

"व्हई गई का सभा?" आबांनी विचारलं. "नाना, मी तं दहालेच उनू!"

रजिस्टरात लिहिलं गेलं, 'गैरहजर.' पहिली.

* * *

आता दुसरी. ही आठवली की मला अजून वाईट वाटतं, आणि हसूही येतं.

नानांनी चिटणिसांना बाजूला घेऊन सांगितलं, "या खेपेला सभा आबांच्या टाइमानं ठेवा. म्हातारा माणूस आहे." चिटणीस कसेबसे कबूल झाले. पण हे आबांना कळवायचं राहिलं.

तिकडे आबांनी ठरवलं, नानांना आपल्यामुळं खाली बघावं लागतं, तर या खेपेला सरकारी टाइमानं जाऊ. सभा दुपारची होती, त्यामुळं तापी ओलांडायला सकाळच्या नावेची अडचण नव्हती. गावातल्या मास्तरांकडून त्यांनी नवं टाइम समजून घेतलं, सावलीवर खूण केली आणि बरोबर पोचले.

बघतात तर कोणीच नाही! मी असतो तर बसवून घेतलं असतं. पण मला वकीलसाहेबांचं सामान आणायला स्टेशनवर पाठवलेलं. आबा कडुनिंबाखाली बसले. सावली पुढं सरकली. आणखी सरकली. त्यांना वाटलं, सभा रद्द झाली असेल. त्यांनी बैल जुंपले आणि गेले.

त्यानंतर थोड्या वेळानं सगळे आले. नाना वारंवार रस्त्याकडे बघत होते. आबांसाठी जुनं टाइम धरलेलं, आणि आबा नानांसाठी नवं टाइम धरून येऊन गेलेले!

'गैरहजर.' दुसरी.

मी परत आलो तर कडुनिंबाखाली चाकोरी दिसली आणि काठी रोवल्याची तीन भोकं. एकापुढं एक. किती वेळ बसले असतील ते मला त्यावरून कळलं. मी ती भोकं पायानं बुजवली नाहीत.

* * *

नाना दुसऱ्या दिवशी तापी ओलांडून आबांकडे गेले. खिशातलं घड्याळ काढून त्यांच्या हातावर ठेवलं. साखळीसकट. "आबा, आता हट्ट सोडा. हे जवळ ठेवा. आणखी एक सभा चुकली तर जिनिंग गेली."

आबांनी घेतलं. नानांचं मन मोडलं नाही.

आठ दिवसांनी आबा कापूस घेऊन आले. गाडी फाटकातून आत आली आणि सगळी जिनिंग हसायला लागली. घड्याळ साखळीसकट डाव्या बैलाच्या गळ्यात, घुंगरांच्या शेजारी!

चिटणीस म्हणाले, "आबा, ही काय थट्टा आहे?"

"थट्टा कशानी? मी तं गाडीमा बशेल ऱ्हास. चालस तो. मंग घड्याय त्यानाच गयामा पाहिजे ना!"

नानाही हसले. पण त्यांनी घड्याळ परत मागितलं नाही. तेव्हापासून त्यांचा हात सवयीनं खिशात जायचा आणि रिकामाच बाहेर यायचा.

* * *

आता शेवटची सभा.

कडाक्याची थंडी होती. तापीवरची नाव थंडीत सूर्य उगवल्याशिवाय सुटत नसे. नावाडी म्हणायचा, मला पाणी दिसलं पाहिजे. सूर्य उगवायचा तेव्हा सरकारी घड्याळात आठ वाजलेले. पलीकडून गाडी नावेत चढवायची, अलीकडे उतरवायची, मग जळगावपर्यंत बैलांची चाल. कितीही हाकली तरी अकराच्या आत आबा पोचत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

चिटणिसांनी सभा ठेवली सकाळी दहाला, सरकारी टाइमानं. इतरांच्या नोटिसा आठ दिवस आधी गेल्या. आबांची नोटीस आदल्या दिवशी दुपारी माझ्या हातात ठेवली.

"पोचव," म्हणाले. "म्हणजे कोणी म्हणायला नको."

मी सायकल मारत काठाला गेलो, तर शेवटची नाव सुटत होती. नावाड्याच्या हातात नोटीस दिली. "आबांनाच दे," म्हटलं. नाव गेली. नोटीस पोचली का नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

सकाळी सगळे आधीच येऊन बसले. अक्का आणि वकीलसाहेब आदल्या दिवशीच येऊन धर्मशाळेत उतरले होते. चिटणिसांनी टेबलावर रजिस्टर उघडलं, टाक दौतीत बुडवून बाजूला ठेवला. मनगटावर बघितलं.

"दहा. सुका, टोल दे."

मी हातोडी घेतली. कडुनिंबाखाली गेलो. फाटकाबाहेरचा रस्ता बघितला. रिकामा.

मी नानांकडे बघितलं. नियम असा, अध्यक्षांनी मान हलवायची. नानांनी मान हलवली नाही. खिडकीबाहेर बघत बसले.

मी विचारलं, "साहेब, कोणत्या दहाचा?"

"कोणत्या म्हणजे? सरकारी! दुसरे दहा असतात का?"

वकीलसाहेबांनी आपलं घड्याळ काढलं. "असतात. माझ्यात आठ एकवीस झालेत. दहाला अजून अवकाश आहे. नोटिशीत नुसतं दहा लिहिलंय. सरकारी असं लिहिलेलं नाही."

"ते वेगळं लिहायला लागतं का?"

"लागलं असतं. पण नोटिशीत कोणतंही टाइम लिहू नये असा मंडळाचा ठराव आहे. रद्द झालेला नाही!"

अक्का म्हणाल्या, "मले तं आज म्हशी पिळाले मिळाल्याच नाही. माझा दिवस अजून सुरूच नाही झाला. चहा ठेवते."

चहा ठेवला. प्यायला. चिटणिसांचे कान लाल झाले. त्यांच्या बाजूचे मेंबर घड्याळं बघून कुजबुजायला लागले. शेवटी चिटणीस उठले, तरातरा बाहेर आले आणि माझ्या हातातली हातोडी हिसकावून घेतली.

"तुला जमत नसेल तर मी देतो!"

मला बोलायला वेळ लागतो. मी नुसता डावा हात रुळावर ठेवला. तळवा नीट टेकवून, झोळीतल्या पोरांसाठी ठेवायचो तसा.

त्यांनी मारलं. थप.

पुन्हा मारलं. थप.

"टोल पडला!" चिटणीस ओरडले.

आतून अक्कांचा आवाज आला. "कधी? मले तं काही ऐकू आलं नाही!"

"मलाही नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"हात काढ," चिटणीस मला म्हणाले. हळू म्हणाले. "नोकरी जाईल तुझी."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "एकदा गेलीय."

त्यांनी हातोडी टाकली आणि आत जाऊन नानांसमोर उभे राहिले. "अध्यक्षमहाराज, हा काय पोरखेळ आहे? तुम्ही तर रेल्वेचं टाइम पाळता. रेल्वेतही आता दहा वाजून गेलेत. तुमचं घड्याळ काढा आणि सांगा सगळ्यांना, किती वाजले!"

सगळे नानांकडे बघायला लागले. नानांना खोटं बोलता येत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नानांचा हात सवयीनं खिशात गेला. रिकामा बाहेर आला. त्या रिकाम्या हाताकडे त्यांनी जरा वेळ बघितलं.

मग म्हणाले, "माझं घड्याळ बैलाच्या गळ्यात आहे. ते आल्याशिवाय मला कसं सांगता येईल?"

कोणी हसलं नाही. चिटणीस खुर्चीवर बसले. टाकातली शाई वाळली. मी रुळावर हात ठेवून उभाच होतो. लोखंड थंडगार, हात बधिर झालेला. अक्का दोनदा दारापर्यंत येऊन रस्ता बघून गेल्या.

आधी घुंगरं ऐकू आली. मग धूळ दिसली.

आबा फाटकातून आत आले तेव्हा बैलांच्या तोंडाला फेस होता. आबा गाडीत बसलेले नव्हते. जू धरून बैलांबरोबर चालत आले होते. पाय गुडघ्यापर्यंत तापीच्या चिखलानं भरलेले. छाती भात्यासारखी हलत होती. काठी रोवायलाही ते थांबले नाहीत. एवढंच म्हणाले, "व्हई गई का सभा? मी ऱ्हायनू का?"

नाना बाहेर आले. सगळे त्यांच्या मागं बाहेर आले. नानांनी डाव्या बैलाच्या मानेवर हात फिरवला आणि गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं. मी शेजारीच होतो, मला काटे दिसले. सव्वाचार. तापीपलीकडे त्याला कोणी चावी दिलीच नव्हती.

नानांनी घड्याळ कानाला लावलं. नीट ऐकलं. पुन्हा काट्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून मान हलवली.

"बरोबर दहा," म्हणाले. "सुका, टोल दे!"

मी रुळावरचा हात काढला, आणि मोजून दहा दिले.